सीडी-डीव्हीडीवर नाव घालायचंय? पेन उचलायच्या आधी हे वाचा

गेल्या मे महिन्यात माझ्या मावसभावाचा फोन आला, त्यांच्या गावच्या देवळाच्या कमिटीने जत्रेतल्या जुन्या नाटकांच्या तीस सीडी बनवून द्यायला सांगितल्या होत्या, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना वाटायला, कारण त्यांच्याकडे अजून डीव्हीडी प्लेअर आहेत आणि यूट्यूब त्यांना जमत नाही. राईट करायचं सगळं त्याला येत होतं. फक्त म्हणाला, "नावं कशी घालू, देवळाचा फोटो छापून स्टिकर चिकटवू काय?" मी "नको" इतक्या जोरात म्हटलं की आमची बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. मग त्याला फोनवर अर्धा तास समजावलं आणि शेवटी तोच म्हणाला की हे सगळं एकदा लिहून काढ, म्हणून हा लेख.

आता सीडी कोण वापरतं असं विचारणारे असतीलच. एमआरआय काढून या, फिल्मबरोबर सीडी हातात देतात. कोर्टात पुरावा म्हणून रेकॉर्डिंग द्यायचं तर बरेच वकील अजून सीडी किंवा पेनड्राईव्ह मागतात. आणि ज्यांची लग्नं २००० ते २०१२ च्या मधे झाली त्यांच्या कपाटात निदान दोन डीव्हीडी असणारच, वरती सोनेरी अक्षरात वधूवरांची नावं. नवीन ब्लँक डिस्क मात्र आता मिळायला कठीण होत चाललीय. आपल्याकडे घरोघरी मोझर बेअरच्या असायच्या, ती कंपनी २०१८ मध्ये लिक्विडेशनमध्ये गेली, आणि सोनीने २०२५ च्या फेब्रुवारीत रेकॉर्डेबल ब्लू-रे बनवणं बंद केलं. म्हणजे जी डिस्क हातात आहे ती जपून वापरायची.

आधी चकती उलटीसुलटी करून बघा

सगळ्यांचा एकच समज असतो, की खालची चमकती बाजू नाजूक आणि वरची नावाची बाजू दणकट. आम्हीही लहानपणी खालच्या बाजूला बोट लागू नये म्हणून जीव टाकायचो आणि वरची बाजू टेबलावर घासायचो. सीडीच्या बाबतीत प्रकार बरोबर उलटा आहे.

सीडी १.२ मिलिमीटर जाड असते आणि ती जवळजवळ सगळी जाडी म्हणजे खालचं पारदर्शक पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिक. लेझर खालून या प्लॅस्टिकमधून वर जातो. त्या प्लॅस्टिकच्या वर रंगाचा म्हणजे डायचा थर, ज्यात राईट करताना आपला डेटा भाजला जातो, त्याच्यावर चांदीचा आरशासारखा थर (काही महागड्या डिस्कमध्ये सोन्याचा), आणि त्याच्यावर लॅकर म्हणजे वॉर्निशसारखा एक थर, जो केसापेक्षाही कितीतरी पातळ असतो. संपलं. त्या लॅकरवर तुम्ही पेन टेकवता. म्हणजे तुमच्या पेनाची निब आणि तुमचं नाटक यांच्यामधे फक्त ते वॉर्निश. खालच्या बाजूला चरा पडला तर तो जाड प्लॅस्टिकवर पडतो, पुष्कळदा पॉलिश करून निघतो, वरच्या बाजूने चांदी खरवडली तर तिथे आरसाच राहत नाही, लेझर परत फिरत नाही, आणि त्याला पॉलिश वगैरे काही उपाय नाही.

डीव्हीडी वेगळी. तिच्यात ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि डेटा मधे, सँडविचमधल्या चटणीसारखा. त्यामुळे वरून लिहिण्याचा धोका सीडीपेक्षा पुष्कळ कमी. पण डीव्हीडीचा दुसरा त्रास आहे, ती जराशी जरी वाकली तरी ड्राइव्हला वाचायला जड जातं, तो मुद्दा स्टिकरमधे येईल. ब्लू-रेत परत उलटं, तिथे डेटा खालच्या बाजूला फक्त ०.१ मिलिमीटर आत असतो म्हणून खालून कडक कोटिंग देतात, वरची बाजू निवांत. हातात काय आहे ते कळत नसेल तर सरळ सगळ्यांना सीडी समजा आणि सीडीचे नियम पाळा, नुकसान काहीच नाही.

पायरी पहिली, पेन

बॉलपेन नको. आमचे अप्पाकाका अजून कोकणीत म्हणतात, "बॉलपेनान बरय मरे, कितें जातलें ताका!" (बॉलपेनने लिही रे, काय होतंय तिला!) आणि त्यांनी बॉलपेनने लिहिलेल्या सीडी माझ्याकडे आहेत, खालून बघितलं की 'श्री' उलटा दिसतो, टोकाच्या दाबाने लॅकर आणि चांदी दोन्ही दबलीत. पेन्सिल, कंपास, जेलपेनचं टोकदार निब, सगळं त्याच पंगतीत. टोक मऊ पाहिजे, फेल्टचं, स्केचपेनासारखं.

टोक मऊ असून भागत नाही, शाई कसली तेही बघायला लागतं. मार्करचे साधारण तीन प्रकार. पाण्याच्या शाईचा सगळ्यात सुरक्षित. अल्कोहोलच्या शाईचा, म्हणजे बहुतेक साधे परमनंट मार्कर, बऱ्यापैकी चालतो, लोक वर्षानुवर्षं वापरतायत. आणि तिसरा झायलीन किंवा टोल्युईन असलेला, ज्याचं टोपण काढलं की थिनरसारखा उग्र वास खोलीभर होतो, पत्र्यावर, टायरवर, पार्सलच्या खोक्यावर लिहायचा तो, हा लॅकर विरघळवू शकतो म्हणून हा डिस्कच्या जवळपासही नको. सोनेरी-चंदेरी पेंट मार्करही बहुतेक थिनरवाले असतात, लग्नाच्या डीव्हीडीवर लोक हौसेने वापरतात, दिसतं छान, पण नकोच.

सगळ्यात सोपं म्हणजे स्टेशनरीवाल्याकडे 'सीडी मार्कर' मागा, मिळाला तर. नाही मिळाला तर बारीक टोकाचा परमनंट मार्कर घ्या आणि त्यावर झायलीन-फ्री लिहिलंय का बघा. व्हाईटबोर्ड मार्कर घेऊ नका, तो पुसण्यासाठीच बनवलेला आहे, कव्हरमधून दोनदा काढलं-घातलं की नाव गायब.

अमेरिकेत एनआयएसटी म्हणून मोजमापं आणि मानकं ठरवणारी सरकारी संस्था आहे, त्यांनी २००३ मध्ये लायब्ररीवाल्यांसाठी डिस्क सांभाळण्याच्या सूचना काढल्या होत्या, त्यातही हेच आहे, सॉल्व्हंट (थिनरसारखं विरघळवणारं द्रव्य) नसलेला मऊ टोकाचा मार्कर, आणि जास्त वर्षं ठेवायच्या डिस्कवर चिकटवायचं लेबल नको. हे वाचून मला बरं वाटलं कारण मी आधी ते स्वतःच्या नुकसानातून शिकलो होतो.

नवीन पेन आणलं की थेट चांगल्या डिस्कवर नको. घरात फुकट गेलेली एखादी सीडी असतेच, राईट करताना एरर आलेली. तिच्यावर लिहा, आठवडाभर ठेवा, मग उलटी करून दिव्यासमोर धरा. खालून अक्षरं किंवा डाग दिसले, किंवा टाचणीएवढी भोकं पडून उजेड आरपार दिसला, तर ते पेन मुलांना चार्टपेपरवर चित्रं काढायला द्या.

पायरी दुसरी, आधी राईट करा, तपासा, मगच नाव

इथे लोक घाई करतात. तीस ब्लँक समोर मांडतात, सगळ्यांवर नाव लिहून काढतात आणि मग एकेक राईट करायला बसतात. यात दोन घोळ होतात. लिहिताना चकती टेबलावर टेकते, हात लागतो, खालच्या बाजूला ठसे आणि धूळ बसते (आमच्याकडची, गोव्यातली, लाल माती माहितीच आहे, मे महिन्यात खिडकी उघडी असली की टेबलावर बोटाने नाव लिहिता येतं), आणि राईट होताना लेझरच्या वाटेत ती धूळ आली की तेवढा तुकडा नीट भाजला जात नाही. दुसरा घोळ म्हणजे तीसातल्या दोन राईट होताना फेल होतात आणि तुमच्याकडे 'भाग २' लिहिलेली पण आत काहीच नसलेली डिस्क राहते, ती कोणीतरी चुकून कव्हरात घालतो.

म्हणून क्रम असा ठेवा: स्पिंडलमधून, म्हणजे ब्लँक डिस्क ज्या दांड्याच्या डब्यात येतात त्यातून, एक काढा, कडेला आणि मधल्या भोकात बोट घालून धरा, राईट करा, प्रोग्रॅममध्ये व्हेरिफाय म्हणून ऑप्शन असतो (लिहिलेलं परत वाचून ताळा करणारा) तो टिक केलेला असू दे, वेळ दुप्पट लागतो तरी लागू दे, मग बाहेर काढून दुसऱ्या ड्राइव्हमध्ये किंवा प्लेअरमध्ये एकदा शेवटपर्यंत पळवून बघा. आतून बाहेरच्या दिशेला राईट होतं, त्यामुळे प्रॉब्लेम असला तर बहुतेक शेवटच्या भागात, बाहेरच्या कडेला असतो, पहिली दोन मिनिटं बघून 'चलता है' म्हणू नका.

मग नाव. आणि लिहिताना डिस्क टेबलावर ठेवायची असेल तर खाली स्वच्छ सुती कापड किंवा रिकामी ज्वेल केस (सीडीची कडक प्लॅस्टिकची डबी) उघडून तिच्या मधल्या दातऱ्यावर बसवा, चमकती बाजू कशालाच टेकत नाही.

कुठे लिहायचं

सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे मधल्या भोकाभोवतीचा काचेसारखा पारदर्शक पट्टा. तिथे डायही नाही, चांदीही नाही, डेटा तर नाहीच. सीडीचं भोक १५ मिलिमीटरचं आणि डेटा सुरू होतो साधारण ४६ ते ५० मिलिमीटर व्यासाच्या पुढे, तेव्हा मधे जागा आहे पण बोटभरही नाही. तिथे मावतो फक्त एक नंबर. पण तो नंबर फार कामाचा, पुढे सांगतो. जास्त शाई फासू नका, त्याच भागाला ड्राइव्हचा चिमटा पकडतो.

तेवढ्यात भागत नसेल तर वरच्या छापील बाजूवर, जिथे कंपनीने रेघा दिल्यात तिथे, हलक्या हाताने. पेन टेकवून ओढायचं, दाबायचं नाही, आणि एकाच अक्षरावर परत परत गिरवायचं तर अजिबात नाही. अगदी बाहेरची कड सोडा, तिथे लॅकर संपतो, शाई किंवा ओल शिरायला तीच जागा.

डिस्क अर्धीच भरलीय? मग उलटी करून बघा, राईट झालेला भाग आणि रिकामा भाग यांच्या रंगात थोडा फरक दिसतो, गोल रेघ दिसते. वर लिहिताना बाहेरच्या रिकाम्या भागावर लिहा. मी सत्तर मिनिटांचं नाटक ऐंशी मिनिटांच्या सीडीवर घालतो तेव्हा असंच करतो, तेवढीच धास्ती कमी.

लिहिताना चूक झाली तर? व्हाईटनर नको, त्यातही सॉल्व्हंट असतो. नेलपॉलिश रिमूव्हर तर चुकूनही नको, त्यातला अॅसिटोन पॉलिकार्बोनेटच खातो, डिस्क दुधासारखी पांढरी होते. एक बारीक आडवी रेघ मारा आणि बाजूला बरोबर लिहा. सुंदर दिसलं नाही तर नाही दिसलं.

काय लिहायचं

कमीत कमी. लोकांना चकतीवरच नाटकाचं नाव, लेखक, दिग्दर्शक, सगळे कलाकार, देवळाचं नाव आणि 'सौजन्य' लिहायचं असतं. ते सगळं कव्हरातल्या कागदावर लिहा, कागदाला हवं ते पेन चालतं.

माझी पद्धत अशी. चकतीवर एक नंबर, वर्ष आणि दोन शब्द: '०४७, २००९, जत्रा नाटक १/३'. मधल्या पट्ट्यावर परत नुसता ४७. कव्हरावर तोच नंबर आणि सविस्तर मजकूर. आणि एक दोनशे पानी वही, तिच्यात नंबरवार सगळं, कार्यक्रम कधी झाला, डिस्क कधी राईट केली (या दोन तारखा वेगळ्या, लोक हमखास गोंधळ घालतात), ब्लँक कुठल्या कंपनीची, शेवटची कधी चालवून बघितली. सीडी आणि कव्हर वेगळी झाली, जे आमच्या घरात दर चवथीला होतं कारण सगळी भावंडं येतात आणि पेटी उघडतात, तरी नंबरावरून जोड्या लागतात.

राईट करताना डिस्कलाच आतून नाव देता येतं, तिथेही हाच नंबर टाका, शाई उडाली तरी ड्राइव्हमध्ये घातल्यावर कळतं. पण त्या आतल्या नावात देवनागरी नको, स्पेसही नको. डिस्कवर फाईली मांडायच्या जुन्या आयएसओ पद्धतीत फक्त इंग्रजी कॅपिटल अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर चालतात, आणि विंडोजवाल्या जोलिएट पद्धतीत डिस्कच्या नावाला सोळाच अक्षरं मिळतात. फाईलींची नावं जोलिएटमध्ये मराठीत चालतात, चौसष्ट अक्षरांपर्यंत, तरी जुन्या डीव्हीडी प्लेअरवर त्याचे चौकोन होतात, म्हणून मी आता तिथेही इंग्रजी स्पेलिंगच घालतो.

स्टिकर: नको, आणि का नको

२००७ मध्ये आमच्या आजोबांचं भजन रेकॉर्ड केलं होतं. आजोबा पखवाज वाजवायचे, फोंडा तालुक्यात बऱ्याच देवळांत बसलेले, पण रेकॉर्डिंग असं एकच, एका एकादशीला, माझ्या मित्राच्या कॅमेऱ्यावर. मी त्याची सीडी केली आणि हौसेने त्यांचा फोटो छापलेला गोल स्टिकर आणून चिकटवला, तेव्हा स्टिकर मधोमध बसवायचा एक प्लॅस्टिकचा दांडा यायचा, त्याने. काय देखणी दिसायची ती सीडी. कॉपी दुसरी केली नाही, कारण सीडी म्हणजे कायमची अशी आमची समजूत. आजोबा २००८ ला गेले. तिसऱ्या पावसाळ्यात, जुलैत, केस उघडली तर स्टिकरची एक कड उचलून वळलेली, गुळगुळीत पापडासारखी. मला वाटलं आता हा काढून टाकू आणि मार्करने लिहू. हळूच ओढला. स्टिकर निघाला, आणि त्याच्या पाठीला चंदेरी चकती चिकटून आली. हातातली सीडी मी वर धरली तर तिच्यातून ट्यूबलाईट दिसत होती.

का झालं ते नंतर कळलं. स्टिकरचा गोंद लॅकरला धरतो, लॅकर चांदीला धरून असतो, आणि चांदीची डायवरची पकड गोंदापेक्षा कच्ची असते. ओढलं की जो जोड कच्चा तो सुटतो.

बरं, काढला नाही तरी त्रास आहेच. कागद आणि प्लॅस्टिक ओल-उष्णतेने सारखे फुगत नाहीत. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवा अशी की मिठाच्या बरणीत तांदूळ घातल्याशिवाय मीठ सुटत नाही, मग कागद ओल धरतो, ताणतो, सुकला की आकसतो, आणि चकतीला हळूहळू वाकवतो. सीडी थोडं सहन करते, डीव्हीडी नाही, तिचे ट्रॅक फार जवळजवळ असतात आणि लेझर तिरका पडला की वाचणं अडतं. शिवाय स्टिकर केसभर जरी एका बाजूला सरकला तर वजन असमान होतं. ५२ स्पीडच्या ड्राइव्हमध्ये सीडी मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेते, तिथे ते असमान वजन घरघरायला लागतं. पेपर कटर आणि फेविकॉलने घरी केलेला स्टिकर तर विचारूच नका.

आणि गाडीतला प्लेअर! फटीतून आत ओढून घेणारा. उन्हात मिरामारला गाडी दोन तास उभी, आत भट्टी, गोंद पातळ, कड सुटलेली, डिस्क आत गेली ती गेलीच. आमच्या एका शेजाऱ्याची मूळ सीडी आणि प्लेअर दोन्ही मेकॅनिककडून खोलून काढायला लागले.

तेव्हा देवळाचा फोटो हवा असेल तर तो केसच्या पुढच्या कव्हरावर छापा. मावसभावाने शेवटी तेच केलं, फोटोपेपरवर, आणि कमिटीवाले खूश, कारण फोटो मोठा झाला.

चकतीवरच छापायचं असेल तर

पांढऱ्या पृष्ठभागाची 'प्रिंटेबल' डिस्क मिळते, तिच्यावर इंकजेटने थेट छापता येतं. त्यासाठी सीडी ट्रे असलेला प्रिंटर लागतो, एप्सनचा एल ८०५ हा फोटो स्टुडिओवाल्यांकडे बघितला असेल, त्यात आहे. स्वतः प्रिंटर घ्यायची गरज नाही, मडगाव-म्हापशाला ओळखीच्या स्टुडिओवाल्याला विचारा. गोंद नाही, असमान वजन नाही, टोकाचा दाब नाही, त्यामुळे स्टिकरपेक्षा हे शंभर पटीने बरं.

बघायच्या गोष्टी थोड्याच. मधलं किती छापायचं ते मोजून सेट करा, काही डिस्कचा पांढरा भाग भोकाजवळ २३ मिलिमीटरपर्यंत येतो आणि काहींचा ४६ लाच थांबतो, चुकीचं सेट केलं तर शाई पारदर्शक प्लॅस्टिकवर पडते आणि सुकतच नाही, ट्रेला आणि नंतर ड्राइव्हला लागते. पहिला प्रिंट फुकट गेलेल्या डिस्कवर. छापून झाल्यावर निदान २४ तास एकेक पसरून ठेवा, एकावर एक रचू नका, पावसाळ्यात मी दोन दिवस पंख्याखाली ठेवतो. ओलं बोट लागलं तर शाई पसरते, आणि त्यावर वॉर्निशचा स्प्रे मारायची आयडिया कोणी दिली तर ऐकू नका, परत सॉल्व्हंटच. साध्या, प्रिंटेबल नसलेल्या डिस्कवर इंकजेट चालत नाही, शाई थेंब थेंब होऊन राहते. लेझर प्रिंटरमध्ये डिस्क घालायचा विचारही नको, तिथे तापलेला रोलर असतो.

लाइटस्क्राइब म्हणून एक प्रकार होता, एचपीने २००४ मध्ये जाहीर केलेला, डिस्क उलटी घालायची आणि ड्राइव्हचा लेझरच वरच्या बाजूला चित्र भाजायचा, एकाच रंगात. खास डिस्क आणि खास ड्राइव्ह लागायचा, आता दोन्ही मिळत नाहीत. जुन्या असतील तर उन्हात ठेवू नका, चित्र पुसट होतं.

पावसाळ्यात लिहिताना आणि ठेवताना

एसी खोलीतून किंवा बंद डब्यातून काढलेली थंड डिस्क बाहेर आणली की तिच्यावर दव धरतं, डोळ्याला दिसत नाही पण मार्कर पसरतो. अर्धा तास तशीच राहू द्या, मग लिहा. लिहून झाल्यावर निदान पंधरा मिनिटं उघडी ठेवा, जुलैत जास्तच. ओल्या शाईवर कागदी स्लीव्ह घातली की नाव स्लीव्हला आतून छापलं जातं आणि डिस्क कोरी, हे माझ्याकडून दोनदा झालंय.

एनआयएसटीच्या हिशोबाने डिस्क ४ ते २० अंश तापमानात आणि २० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवायच्या. वाचून हसलो. गोव्यात हे जमवायचं तर माणसं बाहेर आणि डिस्क एसीत ठेवायला लागतील. आपण निदान एवढं करू शकतो, घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, दर पावसाळ्याआधी बदलायच्या, डिस्क ज्वेल केसमध्ये पुस्तकांसारख्या उभ्या, आणि डबा बाहेरच्या भिंतीला लागून नको कारण त्या भिंतीला ओल येते. कागदी स्लीव्ह जास्त वर्षांसाठी नको, कागद ओल धरतो. रबरबँड लावून गठ्ठे करू नका, रबरातल्या गंधकाने चांदी काळवंडते. २००१ मध्ये बेलीझ नावाच्या मध्य अमेरिकेतल्या दमट देशात सीडीचे थर खाणारी बुरशी सापडली होती, गोव्यातल्या कपाटातल्या चपला बघितल्या की मला ते अजिबात खोटं वाटत नाही.

कोर्टासाठी डिस्क देणार असाल तर एवढंच, चकतीवर नंबर आणि तारीख, बाकी सगळं सीलबंद पाकिटावर. पूर्वी पुरावा कायद्याच्या ६५ब कलमाचं सर्टिफिकेट लागायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३, आणि त्यात आता फाईलची हॅश व्हॅल्यूही (फाईलच्या बोटाच्या ठशासारखा एक कोड) लिहायला लागते. वकिलाला विचारून करा, आणि स्टिकर तिथेही नकोच.

आधीच स्टिकर लावून बसलात?

काढू नका. कड उचललेली असली तरी, नखाने खाजवावंसं वाटलं तरी. उचललेली कड बोटाने सपाट दाबा, ट्रे बाहेर येतो अशा ड्राइव्हमध्ये घाला (लॅपटॉपच्या किंवा गाडीच्या फटीत नाही), प्रोग्रॅममधून स्पीड कमीत कमी ठेवा आणि आजच सगळं हार्डडिस्कवर उतरवून घ्या. आवाज घरघर झाला तर थांबवा, थंड होऊ द्या, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये बघा, एका ड्राइव्हला न वाचलेली दुसऱ्याला पुष्कळदा वाचता येते. उतरलं की नवीन डिस्कवर एक कॉपी, पेनड्राईव्ह किंवा हार्डडिस्कवर एक, आणि एक दुसऱ्या घरी, आमची बहीण वास्कोला असते तिच्याकडे. जुनी स्टिकरवाली फेकायची गरज नाही, तिच्या केसवर 'कॉपी झाली' आणि तारीख लिहा, आणि वहीत ४७ च्या पुढे टिक करा.